हाताला कळणारं घर

सकाळी अकराला लोडशेडिंग सुरू झालं आणि मागच्या यंत्रमाग कारखान्यातले लूम एका दमात बंद पडले. शरच्चंद्र गुप्ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. भिवंडीत गौरीपाड्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला लूमचा खडखडाट ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र चुकल्यासारखं होतं. त्यांनी मान वर करून बंद पडलेल्या पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. शुभदा चहा आणत होती. कपांचा किणकिणाटही त्यांनी मघाशी ऐकला होता. पण चहा काही आला नाही.

"शुभदा, चहा झाला का गं?"

"मी इथेच आहे," उत्तर आलं ते अगदी जवळून, मधल्या पॅसेजमधून.

ते उठून गेले. पॅसेजला खिडकी नव्हती आणि दिवा गेल्यामुळे तिथे अंधार होता. हातात दोन कपांचा ट्रे धरून शुभदा मधोमध उभी होती. चहावर साय धरली होती.

"अगं, इथे काय करतेस?"

"लूम बंद झाले ना," ती म्हणाली.

"मग?"

ती जराशी ओशाळली. "कारखाना आपल्या स्वयंपाकघराच्या मागे. खडखड पाठीशी असली म्हणजे मी बाहेर चालले आहे. डाव्या कानावर आली की समोर मोरीचं दार. ती एकदम बंद झाली, त्यात दचकून मी वळले. आता तोंड कुठे आहे तेच कळेना. हातात ट्रे, भिंत चाचपायची कशाने? म्हटलं, तुम्ही हाक माराल."

शरच्चंद्रांनी ट्रे घेतला. चहा दोघांनी थंडच प्यायला.

काचबिंदूचं निदान होऊन चार वर्षं झाली होती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. डाव्या डोळ्याने आता काहीच दिसत नव्हतं आणि उजव्याने एखाद्या नळीतून पाहावं तेवढंच. दर तीन महिन्यांनी तिला डॉक्टरकडे नेणं, रोज दोन वेळा घड्याळ लावून डोळ्यांत थेंब घालणं, यात शरच्चंद्रांनी कधी कसूर केली नव्हती. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा तारीखवार फाइलला लावलेल्या. पण आपली बायको घरात वावरते कशी, हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ती वावरत होती, स्वयंपाक करत होती, म्हणजे सगळं ठीक आहे असं ते धरून चालले होते.

त्याच रविवारी पुण्याहून रुचिराचा फोन आला. मागच्या महिन्यात शुभदाकडून गॅसचं बटण अर्धवट बंद राहिलं होतं आणि वास शेजारच्या घरापर्यंत गेला होता. तेव्हापासून लेकीने एकच धोशा लावला होता.

"बाबा, मी आणि अनिमेषने खोली रिकामी करून ठेवली आहे. दिवाळीला मी येते आणि जाताना तुम्हा दोघांना घेऊनच जाते. आता नाही म्हणायचं नाही."

रिसीव्हर ठेवल्यावर शरच्चंद्रांनी निरोप सांगितला. शुभदा गवार मोडत होती. तिची बोटं थांबली नाहीत.

"तिथे ती मला खुर्चीत बसवेल आणि हातात ताट देईल," ती म्हणाली. "प्रेमानेच देईल. पण तिथे मला काहीच येणार नाही हो. इथे मला अजून सगळं येतं."

शरच्चंद्रांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं की घरात सोयी करून घ्यायच्या. पण करणार कोण? इतकी वर्षं घरातला खिळासुद्धा विठू सुताराने ठोकला होता. शहराबाहेर माणकोलीपासून पुढे गोदामांमागून गोदामं उभी राहायला लागली होती आणि विठूच काय, गावातला प्रत्येक सुतार, प्लंबर तिकडेच गुंतला होता. विठू भेटला तो मोटरसायकलवरून, एक पाय जमिनीला टेकवून. "काका, बारीक काम आहे ना? दिवाळीनंतर बघू," म्हणाला आणि गेला.

मग एकसष्टाव्या वर्षी शरच्चंद्र मंडईजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि हातोडी, पक्कड, करवत, स्क्रू ड्रायव्हर आणि मापाची टेप घेऊन घरी आले. शुभदाने एकेक वस्तू हातात घेऊन चाचपली.

"हे तुम्ही वापरणार?" तिला हसू आवरेना. "लग्न झाल्यापासून या घरातला बल्बसुद्धा मीच बदलत आले."

ऑगस्टमध्ये धाकट्या बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणासाठी शुभदा दोन दिवस कल्याणला गेली. शरच्चंद्रांनी ती संधी साधली. डब्यांची मांडणी आत कोपऱ्यात पडते, डबे दारातून शिरताच हाताला लागायला हवेत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी, आपल्या खांद्याच्या उंचीवर त्यांनी एक फळी बसवली. अंगठा दोनदा ठेचला, फळीखालचा एक लोखंडी कोन वाकडा बसला, पण फळी उभी राहिली. मग त्यांनी सगळे डबे उतरवले, पुसले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने ठसठशीत अक्षरांत नाव घातलं आणि बाराखडीच्या क्रमाने लावून ठेवले. ओळीने लागलेल्या डब्यांकडे ते बराच वेळ कौतुकाने बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शुभदा आली. चप्पल काढून, पाय धुऊन, सवयीच्या चालीने स्वयंपाकघरात वळली आणि फळीचा कोपरा तिच्या कपाळावर बसला.

रक्त फार आलं नाही. शरच्चंद्रांनी हळद दाबून धरली. "थांब, थांब, मी तुला सांगणारच होतो," असं ते तीनतीनदा म्हणाले. शुभदा खाली भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळाने तिने उठून मांडणीत हात घातला. हाताला रिकाम्या फळ्या लागल्या.

"डबे कुठे आहेत?"

"इकडे, नव्या फळीवर. नावं घातली आहेत, मोठ्या अक्षरात."

"नावं?" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत शरच्चंद्रांनी तो असा चढलेला ऐकला नव्हता. "मला नावं वाचता आली असती तर पाहिजे होतं काय? अहो, दारापासून ओटा चार पावलं, ओट्यापासून मांडणी हात लांब केला की. तांदूळ खाली डावीकडे, डाळी मधे, मीठ उजवीकडे कोपऱ्यात. चार वर्षं एकेक जागा पाठ केली मी. नजर होती तोवरच सगळं पाठ करून ठेवलं, पुढे लागणार म्हणून. आणि तुम्ही दोन दिवसांत सगळं पुसून टाकलंत. मला विचारलं तरी का?"

त्या संध्याकाळी त्यांनी फळी उतरवली. डबे पुन्हा जुन्या मांडणीवर लावायला घेतले, पण कुठला कुठे होता ते त्यांना आठवेना. तीस वर्षं त्याच घरात जेवूनही आठवेना. शेवटी शुभदाच उठली आणि तिने एकेक डबा हलवून, वाजवून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पंचा आणून त्यांच्यासमोर धरला.

"डोळे बांधा."

"काय?"

"डोळे बांधा आणि दोन कप चहा करा. मी बसते इथे, काही करणार नाही. फक्त सांगेन."

शरच्चंद्रांनी डोळ्यांवर पंचा बांधला आणि पहिल्याच पावलाला ओट्याखालच्या कपाटाचं उघडं राहिलेलं दार नडगीला लागलं. कळवळून त्यांनी पाय धरला. "ते मला रोज लागतं," शुभदा शांतपणे म्हणाली. पातेलं सापडलं, पाणी सांडलं. लायटर हाताला लागता लागता खाली पडला आणि तो शोधायला ते गुडघ्यांवर रांगले. गॅस पेटला, पण ज्योत मोठी की बारीक ते कळेना. साखरेच्या डब्यासाठी मांडणीकडे हात नेला, तर डबा अगदी कडेवर होता. धक्का लागून तो पडणार तेवढ्यात त्यांनी छातीशी दाबला.

"एवढा पुढे कसा आला हा? काल तर तू आत ठेवला होतास."

"लूममुळे. भिंत हलते, तसे डबे सरकतात. मी रोज सकाळी आत ढकलते, संध्याकाळपर्यंत दोन बोटं पुढे येतात."

चहा झाला. गॅस बंद केल्यावर शरच्चंद्र बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले. पूर्ण बंद झालं की थोडं राहिलं, हे बोटांना काही केल्या समजेना. त्यांनी वाकून वास घेतला, कान लावला. मग पंचा सोडला. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता.

"तू हे रोज करतेस," ते म्हणाले.

"तीन वेळा," शुभदा म्हणाली. "चहात साखर नाही घातलीत."

त्या दिवसापासून कामाची पद्धत बदलली. शुभदाने हाताने आधी जागा दाखवायची, मग शरच्चंद्रांनी पेन्सिलीची खूण करायची. तिला विचारल्याशिवाय घरातली एक वस्तूही हलवायची नाही. सगळ्यात आधी त्यांनी ओट्याखालच्या कपाटाची दारं बिजागऱ्यांसकट काढून टाकली. तिथे शुभदाने जुन्या चादरीचा पडदा शिवून लावला. मग मांडणीच्या प्रत्येक फळीला पुढून बोटभर उंच पट्टी ठोकली, म्हणजे डबे सरकले तरी अडतील. पहिल्या पट्टीला पाच खिळे लागले आणि त्यातले तीन वाकले. शेवटच्या पट्टीला तीनच लागले, तेही सरळ बसले. शुभदा खिळ्याच्या आवाजावरून सांगायची, "हा तिरका चाललाय." आणि तो तिरकाच असायचा.

डब्यांवर खुणा करायचा त्यांचा बेत तिने मोडून काढला. "डाळी मला वाजवून कळतात, पिठं वजनावरून. फक्त मीठ आणि साखर फसवतात. मिठाच्या डब्याला सुतळी बांधा, पुरे." गॅसच्या बटणासाठी ते भेगा बुजवायचं एम-सील मळून बसले. बटण बंद असताना नेमकं वर येईल अशा जागी त्यांनी गोल गुळगुळीत ठिपका केला. तिने बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "हा फिरवताना हाताखालून निसटतो. धार हवी." एम-सील ओलं होतं तोवर तिने नखाने दाबून त्याची उभी कड काढली. नंतर तीनही बटणांना तशाच कडा झाल्या. आता बटणावर बोट टेकवलं की कळत होतं, गॅस बंद आहे की नाही.

मोठं काम पॅसेजचं होतं. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत भिंतीला लाकडी पट्टी बसवायची, तिला धरून शुभदाने यायचं-जायचं. शरच्चंद्रांनी वखारीतून सागाची बारा फुटी पट्टी आणली आणि अंगणात बसून चार दिवस पॉलिश पेपरने घासली. त्यांना ती गुळगुळीत वाटली की शुभदा तळहात फिरवायची आणि म्हणायची, "इथे कुसळ आहे. इथेही." मग पुन्हा घासायचं. पट्टीची उंची त्यांनी जिन्याच्या कठड्याइतकी धरली होती. शुभदा पॅसेजमध्ये रिकामा ट्रे घेऊन उभी राहिली.

"हात तर ट्रेला लागणार. धरू कशी? कोपराच्या उंचीवर लावा. कोपर घासत जाईन."

पट्टी बसली. पुढच्या शुक्रवारी लूमना सुट्टी होती आणि सगळा गौरीपाडा शांत होता. शुभदा चहाचा ट्रे घेऊन निघाली. उजवा कोपर पट्टीवरून सरकत होता, कप किणकिणत होते. बाहेरच्या खोलीत पट्टी संपली तिथे ती थांबली, दोन पावलं मोजली आणि ट्रे टेबलावर ठेवला. शरच्चंद्रांनी कप उचलला आणि गरम चहाचा घोट घेतला.

आठ दिवस टिकला हा आनंद. नवव्या दिवशी शुभदाने जरा भार टाकला आणि पट्टीचं एक टोक, स्क्रू धरायला भिंतीत ठोकलेल्या गुट्टीसकट, उपटून आलं. ती पडली नाही, सावरली. पण पॅसेजभर सिमेंटचा भुगा पसरला. शरच्चंद्रांनी बाकीचे स्क्रू हलवून पाहिले. सगळेच खिळखिळे झाले होते.

ते भुग्यातच बसले. "हे माझं काम नाही गं. पडली असतीस तर? रुचिरा म्हणते तेच बरोबर आहे."

शुभदाने त्यांची समजूत घातली नाही. ती चार पावलं मोजत ओट्यापाशी गेली, मागची खिडकी उघडली आणि कारखान्याच्या दिशेने हाक मारली, "सावळाराम! ओ सावळाराम!"

सावळाराम त्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचा. रोज खारबावहून यायचा आणि दुपारचा डबा मागच्या ओसरीवर खायचा. शुभदा त्याला कधीमधी लोणचं द्यायची, तेवढीच ओळख. जेवण आटोपून तो हात पुसत आला आणि त्याने भिंतीला तळहात लावला.

"काका, ही भित अख्खा दिस हलतंय. हिच्यात आखूड गुट्टी न्हाय टिकाची."

"मग काय करायचं?"

"आमच्या लूमचं नट पन असंच ढिलं व्हतान. आमी खाली चामडं घालतो. धक्का चामडं खातंय, नट ऱ्हातो जागेवर." त्याने खिशातून लूमच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा काढून दाखवला. "भोक खोल पारा, गिलाव्याच्या आत इटंला लागंस्तोवर. गुट्टी लांब घ्या. आन पट्टी न् भितीच्या मधी ह्याच्या चकत्या."

"तूच देतोस का बसवून?" शरच्चंद्रांनी विचारलं.

सावळारामने नाही म्हणून मान हलवली. "मशीन देतो कारखान्यातली. स्क्रू ढिला झाला तं परत कोन कसाचा? तुमाला येवाला पायजे."

त्याने सुट्टीच्या वेळात ड्रिल मशीन आणून दिलं आणि स्वतः दाराला टेकून उभा राहिला. शरच्चंद्रांनी पहिलं भोक पाडायला घेतलं. वरचा गिलावा भुसभुशीत होता, मशीन सहज आत गेलं. मग आवाज बदलला, जड झाला. "विटेला लागलं," शुभदा मागून म्हणाली. सावळारामने वळून तिच्याकडे पाहिलं आणि हसला. "काकू, तुमी या आमच्या कारखान्यान. आवाजावरनं लूम वलखाल."

सहा भोकं पडली. लांब गुट्ट्या ठोकल्या, चामड्याच्या चकत्या बसवल्या, स्क्रू आवळले. शरच्चंद्रांनी पट्टीवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकून पाहिला. पट्टी हलली नाही. तरीही दर रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन सहाही स्क्रू तपासायचा त्यांनी नेम ठेवला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी रुचिरा आली. आल्या आल्या तिने कंबर कसून घर आवरायला घेतलं. तासाभरात पॅसेजमधून शरच्चंद्रांचा आवाज आला.

"रुचिरा, हे स्टूल इथे कोणी ठेवलं?"

"मी ठेवलं, बाबा. जाळी काढत होते."

"आधी उचल ते. या घरात रस्त्यात काही ठेवायचं नाही. आईला विचारल्याशिवाय काही हलवायचं नाही."

रुचिरा बघतच राहिली. तिच्या आठवणीत बाबा घरातली वस्तू कुठे आहे ते नेहमी आईलाच विचारायचे. तिने स्टूल उचललं. मग ती दाराशी उभी राहून आईचं काम पाहत राहिली. शुभदा चकल्या तळत होती. सोऱ्यातून चकली कागदावर पाडून ती हळूच तेलात सोडायची, तेलाचा आवाज ऐकत थांबायची आणि आवाज मंदावला की झाऱ्याने काढायची. काम झाल्यावर तिने बटण फिरवलं, बोट टेकवलं आणि पुढच्या कामाला वळली. रुचिराने चकली उचलून खाल्ली. चकली खुसखुशीत झाली होती, नेहमीसारखी.

जेवताना तिने विषय काढलाच. "आई, तू सगळं करतेस, मी पाहिलं. पण बाबांना काही झालं तर? दुपारी तू एकटी असताना काही झालं तर? पट्ट्या आणि चकत्या काय करणार?"

हा प्रश्न शरच्चंद्रांनीही स्वतःला विचारला होता, अनेकदा.

शुभदाने घास संपवला. "तेव्हा येईन मी तुझ्याकडे," ती म्हणाली. "हट्ट नाही माझा. पण तेव्हा येईन ती हातपाय चालणारी आई येईल. आताच खुर्चीत बसले तर सहा महिन्यांत मला उठताही येणार नाही. बघ तू."

रुचिराने ताटात बोटाने रेघ ओढली. "बरं, मार्चपर्यंत," ती शेवटी म्हणाली. "तोवर दर पंधरा दिवसांनी मी येऊन बघणार. आणि फोनची वायर वाढवून फोन आईच्या हाताशी आणायचा. ते काम आजच."

"आज नाही, उद्या," शरच्चंद्र म्हणाले. "वायर आणावी लागेल. कुठे लावायचा ते तुझी आई सांगेल."

शुभदा हात धुऊन आली आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"फोन करा हो. पण त्याच्या आधी मला एक काम हवंय," ती म्हणाली. "भाजीवाली धोंडूबाई रोज दारावरून ओरडत जाते आणि तुम्ही जाऊन काहीही उचलून आणता. परवाची वांगी सगळी जून निघाली. भाजी मला हाताने बघून घ्यायची आहे. बाहेरच्या तीन पायऱ्या मला उतरता येत नाहीत. शेवटची पायरी उंच आहे, पाय अंतराळी राहतो."

शरच्चंद्रांनी खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढली, तिच्यातून टेप काढली आणि रुचिराकडे तिचं टोक दिलं.

"धर. खालच्या पायरीपाशी जा आणि जमिनीला टेकवून ठेव."

रुचिराने साडीचा पदर खोचला आणि दुपारच्या उन्हात पायऱ्या उतरून खाली बसली. वर दाराशी शरच्चंद्र टेप ताणून उभे राहिले, आणि त्यांचा दंड धरून शुभदाने उजवा पाय पहिल्या पायरीवर टेकवला.

"नऊ इंच!" रुचिरा खालून ओरडली. "बाबा, वरच्या दोन सहाच्या आहेत, ही नऊ आहे."

"मी सांगत नव्हते?" शुभदा म्हणाली आणि तिने दुसरा पाय खाली टाकला.